१९८८ : एकच वाहिनी आणि तिच्यावरची भांडणं

"रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे." ऐंशीच्या दशकाबद्दल कुणीही बोलायला लागलं की हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येतंच. मीही ते कितीतरी वेळा बोललोय. त्यात खोटं काही नाही. पण रस्त्यावरची ती माणसं जायची कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. ती दुसऱ्यांच्या घरी जायची, कारण टीव्ही सगळ्यांकडे नव्हताच. आमच्याकडे होता. ब्लॅक अँड व्हाइट, सरकत्या लाकडी शटरचा. आणि त्या खोलीत कुणी कुठे बसायचं याचा एक न लिहिलेला तक्ता होता. सोफ्यावर घरची मोठी माणसं आणि शेजारचे काका. सतरंजीवर आम्ही पोरंसोरं. भिंतीला टेकून आळीतल्या बायका. दाराच्या चौकटीशी, एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून, भांडी घासायला येणाऱ्या मावशी. खिडकीच्या गजांपलीकडे आणखी दोन-तीन चेहरे. 'रामायण' चाललं त्या दीड वर्षात मावशींना कुणी "आत या, बसा" म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि त्याही कधी बसल्या नाहीत. अख्खा देश एकत्र बसून टीव्ही बघायचा, असं म्हणतात. माझी तक्रार फक्त 'बसून' या शब्दाबद्दल आहे.

आठवणी काढायला माझी हरकत नाही. त्या आठवणींच्या पाठीवर बसून जो निष्कर्ष येतो, तो मला खुपतो. तो असा: तेव्हा एकच वाहिनी होती म्हणून आपण एक होतो, मग शेकडो वाहिन्या आल्या, प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि आपण विखुरलो. यापुढची पायरी सोपी असते. सगळ्यांना एकच काहीतरी दाखवलं पाहिजे, 'संस्कार' करणारं, 'जोडणारं'. आणि ते काय असावं हे अर्थातच कुणीतरी वरून ठरवलं पाहिजे. हे म्हणणाऱ्यांनी १९८८ साल एकदा नीट तपासून बघावं. त्या वर्षी दूरदर्शनवर जे गाजलं त्यातलं जवळपास प्रत्येक काही ना काही भांडणातून गेलेलं होतं. ते भांडण उघड्यावर झालं, कोर्टात झालं, रस्त्यावर झालं, आणि त्यातून काही चांगलंही निघालं. आज हळहळ करायचीच असेल तर त्या भांडणाच्या जागेसाठी करावी.

आधी त्या वर्षाचं श्रेय त्या वर्षाला देऊन टाकतो. जानेवारीत गोविंद निहलानींची 'तमस'. ३१ जुलैला 'रामायण' संपलं. १५ ऑगस्टला 'मिले सुर मेरा तुम्हारा'. २ ऑक्टोबरला 'महाभारत' सुरू झालं. नोव्हेंबरात श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज', आणि त्याच महिन्यात जगभरच्या बातम्या वेगळ्या ढंगात सांगणारं 'द वर्ल्ड धिस वीक'. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतले वागळे त्याच सुमारास घरोघर पोचले, गुलजारांचा आणि नसीरुद्दीन शाहांचा गालिबही. मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत दूरदर्शनची दुसरी वाहिनी होती, पण राष्ट्रीय कार्यक्रम म्हणजे ती एकच. बारा महिन्यांत एका वाहिनीवर एवढं, हे आज कुठल्याही मंचाला सहज जमणार नाही.

ते जमलं कसं, याचं उत्तर मात्र 'तेव्हाची माणसंच वेगळी होती' हे नव्हे. १९८४ मध्ये 'हम लोग'पासून प्रायोजित मालिकांची पद्धत रुळली होती. बाहेरच्या निर्मात्याने मालिका करायची, साबण-टूथपेस्ट विकणाऱ्या एखाद्या कंपनीने खर्चाचा भार उचलून बदल्यात जाहिरातीची मिनिटं घ्यायची, आणि वेळ द्यायचा दूरदर्शनने. मालिका तेराच्या पाढ्यात मंजूर व्हायच्या: तेरा, सव्वीस, बावन्न. 'रामायण' बावन्नचं अठ्ठ्याहत्तर झालं, तेही तेराच्याच पाढ्यात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडलेली एक अख्खी पिढी तेव्हा कामाच्या शोधात होती. समांतर सिनेमाला थिएटर मिळत नव्हतं. इथे एका रात्रीत कोट्यवधी प्रेक्षक मिळत होते. पैसा खाजगी, कलाकार हुशार, पडदा सरकारी. हा योग होता, आणि तो योग मंडी हाऊसमधल्या, म्हणजे दूरदर्शनच्या दिल्लीतल्या मुख्यालयातल्या, फाइलींवर अवलंबून होता. कुठली फाइल का पुढे सरकली आणि कुठली का तुंबली, हे प्रेक्षकाला कधी कळलं नाही. बातम्यांचं तर बोलायलाच नको. रात्रीच्या बातम्यांत पंतप्रधान दिसायचे, मग मंत्री दिसायचे, मग हवामान.

म्हणजे वरून ठरवणारं कुणीतरी होतंच. तरीही १९८८ रंगलं ते वरून ठरवणाऱ्यांच्या शहाणपणाने नाही. खालून प्रतिक्रिया उमटली म्हणून रंगलं.

'तमस' घ्या. भीष्म साहनींच्या फाळणीवरच्या कादंबरीची ही मालिका. ओम पुरींचा नत्थू एक डुक्कर मारतो, ते मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि गाव पेटतं. पहिले भाग दिसले आणि गदारोळ सुरू झाला. दूरदर्शनच्या कार्यालयांसमोर निदर्शनं झाली. मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली: या मालिकेमुळे जातीय तेढ वाढेल, प्रक्षेपण थांबवा. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात स्थगिती मिळालीसुद्धा. आजच्या सवयीने पाहिलं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. स्थगिती आली, निर्मात्याने खेद व्यक्त केला, मालिका डब्यात गेली.

तसं झालं नाही. प्रकरण न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्या खंडपीठासमोर गेलं, आणि या दोघांनी एक अत्यंत साधी गोष्ट केली. त्यांनी अख्खी मालिका बसून पाहिली. सहाच्या सहा भाग. आणि मग स्थगिती उठवली. हे सगळं काही दिवसांत झालं, काही वर्षांत नाही. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १६ फेब्रुवारी १९८८ रोजी तिथेही आव्हान फेटाळलं गेलं. त्या निकालात न्यायालयाने एक जुनी कसोटी पुन्हा वर काढली. ती आपल्याला जवळची वाटावी, कारण ती नागपूरची आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम मोजताना समंजस, कणखर आणि धीराच्या माणसाचं माप लावायचं. डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाचं नाही.

हे माप फार मोलाचं आहे. ते प्रेक्षकाला मोठं माणूस समजतं. 'लोक भडकतील' असं म्हणणारा स्वतःला कधी त्या 'लोकां'त धरत नाही. तो शहाणा असतो, तो भडकणार नसतो, भडकणार असतात ती खिडकीबाहेरची माणसं. न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितलं की खिडकीबाहेरच्या माणसालाही सत्य पेलतं, योग्य प्रकाशात दाखवलं तर. आता हे भांडण झालंच नसतं तर? 'तमस' गुपचूप मंजूर होऊन गुपचूप दिसली असती, तर ती एक चांगली मालिका ठरली असती, बस. याचिका आली, मोर्चे निघाले, म्हणून ती एक नोंद झाली, पुढच्या कित्येक वादांत दाखला म्हणून वापरता येईल अशी. याचिका करणाऱ्याचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. पण त्याने ते नाव देऊन, सही करून, उघड्या न्यायालयात मांडलं हे मला त्याच्या बाजूने नोंदवावंसं वाटतं.

दुसरं भांडण याच्या अगदी उलट दिशेचं, आणि माझ्या मते त्या वर्षातलं सगळ्यात सुंदर. 'रामायण' संपत आलं. राज्याभिषेकावर पडदा पडणार, असं ठरलेलं. राम अयोध्येला परतला, दिवे लागले, आनंदीआनंद. पण मग पुढचं? सीतेचा त्याग, वाल्मीकींचा आश्रम, लव-कुश? उत्तर भारतातल्या सफाई कामगारांनी हा प्रश्न विचारला, आणि तोंडी विचारून थांबले नाहीत. जालंधरमध्ये त्यांनी संप केला आणि तो आजूबाजूला पसरला. वाल्मीकींना आपला पूर्वज, आपला ऋषी मानणारा हा समाज. ज्या कांडात वाल्मीकी स्वतः कथेत उभे राहतात, निराधार सीतेला आसरा देतात, तिच्या मुलांना शिकवतात, नेमकं तेच कांड पडद्यावरून गायब होणार होतं. उन्हाळ्याच्या दिवसांत कचऱ्याचे ढीग साचले. शेवटी सरकार नमलं, उत्तररामायणाचे भाग काढायचं ठरलं, आणि वर्ष संपायच्या आत ते दिसूही लागले.

मालिकेच्या पुढच्या भागांसाठी कामगारांचा संप! असा किस्सा कुणी रचून सांगितला असता तर आपण हसलो असतो. पण यात हसण्यासारखं काय आहे? टीव्हीच्या खोलीत ज्यांना चौकटीवर उभं राहावं लागत होतं, त्यांनी सांगितलं की ही गोष्ट आमचीही आहे आणि ती तुम्ही अर्ध्यावर सोडू शकत नाही. प्रेक्षक म्हणून एवढा हक्क त्याआधी किंवा त्यानंतर आपल्याकडे कुणी गाजवलाय, मला ठाऊक नाही.

मराठी माणसाला हे पटायला खरं तर फार प्रयास पडू नयेत. आपल्या कानांवर रामायण कुठून सुरू होतं? गदिमा-बाबूजींच्या 'गीतरामायणा'त, १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून जे घुमलं त्यात, पहिल्याच गीतात राजा ऐकतो आहे आणि दोन मुलं गाताहेत. कुश आणि लव. म्हणजे उत्तरकांड ही आपल्याकडे शेपूट नाही, तो दरवाजा आहे. छप्पन्न गीतांची सगळी कथा त्या दोन पोरांच्या तोंडून, वाल्मीकींनी शिकवलेली म्हणून आपल्यापर्यंत येते. रेडिओवरच्या त्या रामायणाने जे सुरुवातीलाच मांडलं, ते टीव्हीवरच्या रामायणाला संप होईपर्यंत सुचलं नाही. त्याला कारण आहे. गदिमा कवी होते आणि मंजुरी देणारी समिती समिती असते.

इथे एक आक्षेप मला ऐकू येतोय आणि तो हलका नाही. 'रामायणा'च्या प्रक्षेपणाने रामकथेच्या असंख्य परंपरा एका साच्यात ओतल्या, त्याला सरकारी शिक्का मिळाला आणि पुढच्या काही वर्षांतल्या राजकारणाला जमीन मऊ करून मिळाली, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. इतिहासकार रोमिला थापर यांनी १९८९ च्या जानेवारीतच या एकसाचीकरणावर टीका केली होती. मला ही टीका बऱ्याच अंशी पटते. पण म्हणूनच मी म्हणतो की दोष रामकथेत नव्हता, एकुलत्या एक पडद्यात होता. एकच वाहिनी असली की तिथे जे दिसतं ते 'एक रामायण' न राहता 'रामायण' होतं. सफाई कामगारांचा संप हा त्या साच्यावरचा पहिला ओरखडा होता. एकच वाहिनी हवी म्हणणारे साचा मागतात. मला ओरखडा काढण्याची सोय हवी आहे.

संप करून गोष्ट बदलून घेता येते, तर उद्या दहा हजारांचा जमाव येऊन गोष्ट बंदही करून घेईल, त्याचं काय? बरोबर आहे, तो धोका आहेच. पण 'हेही दाखवा' म्हणणं आणि 'ते दाखवू नका' म्हणणं या दोन मागण्या एका तागडीत टाकता येत नाहीत. पहिलीने कुणाचं काही जात नाही, बघणाऱ्याच्या ताटात एक वाढीव पदार्थ पडतो. दुसरी इतरांचं ताट उचलते. आणि दुसऱ्या मागणीसाठीही १९८८ ने एक रीत घालून दिली होतीच. आधी बघा, मग बोला. सहा भाग म्हणजे काही डोंगर नाही.

आता सरकारकडे येऊ. १५ ऑगस्ट १९८८, लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण झालं आणि पडद्यावर भीमसेन जोशी आले. भैरवीतला तो उठाव अजूनही कानावर पडला की मान आपोआप वर होते. चाल बांधण्यात आपले अशोक पत्की होते, शब्द पीयूष पांडे यांचे, पुढे चौदा भाषा, कलाकार, खेळाडू, हत्ती, धबधबे. मला ते गाणं आवडतं, अजूनही. पण सूर जुळवा असं सांगून पंधरा दिवस होतात न होतात तोच, ३० ऑगस्टला, त्याच सरकारने लोकसभेत मानहानी विधेयक मंजूर करून घेतलं. बोफोर्स तोफखरेदीतल्या लाचखोरीच्या बातम्यांनी हैराण झालेल्या सरकारला वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप हवं होतं. पत्रकार रस्त्यावर आले, संपादक रस्त्यावर आले, आणि सप्टेंबरात ते विधेयक सरकारला गुंडाळावं लागलं. चारशेहून अधिक खासदारांचं बहुमत पाठीशी असलेलं सरकार होतं ते. 'मिले सुर'ची दर वर्षी आठवण निघते. बेसूर लावून वाचवलेल्या त्या स्वातंत्र्याची कुणी चित्रफीतही लावत नाही. लावणार कुठून? दूरदर्शनने ती थोडीच साठवून ठेवली असणार.

आणि मग ऑक्टोबर. २ तारखेला 'महाभारत' सुरू झालं. संवाद राही मासूम रझांचे. मुसलमानाने महाभारत का लिहावं, अशी पत्रं आली आणि ती पाहिल्यावरच, आधी नाही म्हणालेल्या रझांनी हे काम हट्टाने अंगावर घेतलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. 'मैं समय हूँ' म्हणणारा तो आवाज, अठरा पर्वांवरून वाहणारा काळ स्वतःच सूत्रधार ही कल्पना, या पत्रलेखकांना दिलेलं याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही. इथेही बघा: आक्षेप आला, तो छापील-लेखी होता, आणि त्याचं उत्तर कामातून दिलं गेलं.

त्यानंतर तीनच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, सलमान रश्दींच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीच्या आयातीवर भारत सरकारने बंदी घातली. ब्रिटनमध्ये पुस्तक येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. इथे कुठलं खंडपीठ बसलं नाही, कुणी आधी वाचलं नाही, जकातीच्या कायद्याखाली एक कागद निघाला आणि विषय संपला. पुस्तक चांगलं की वाईट, दुखावणारं की नाही, यावर तेव्हा भारतात धड वादच होऊ शकला नाही, कारण वाद घालायला पुस्तक हाताशी नव्हतं. त्या कागदाचं पुढे काय झालं ते ऐका. छत्तीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयात या बंदीविरुद्धची याचिका निकाली निघाली. कारण? सरकारच्या एकाही खात्याला ती अधिसूचना सापडेना. न्यायालयाने म्हटलं, ती अस्तित्वातच नाही असं धरून चालण्यावाचून आमच्यापुढे मार्ग नाही.

एकाच वर्षातले हे दोन शेवट शेजारी ठेवून बघा. 'तमस'चं भांडण उघड्यावर झालं, म्हणून त्याचा निकाल आजही कुणालाही वाचता येतो, त्यातली वाक्यं विधी महाविद्यालयातली मुलं पाठ करतात. कादंबरीचं भांडण होऊच दिलं नाही, म्हणून त्याचा कागदसुद्धा उरला नाही. बंदी मात्र छत्तीस वर्षं उरली.

आता एकच वाहिनी नसेल तर सामाईक आठवणी तयारच होणार नाहीत, या मुद्द्याकडे. यावर मला १९८८ चीच दोन उत्तरं द्यायची आहेत. पहिलं आझाद मैदानावरचं. 'तमस'चा सर्वोच्च न्यायालयातला निकाल लागून आठवडा झाला होता. २३ फेब्रुवारीला हॅरिस शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेची दोन पोरं खेळायला उतरली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४. डाव घोषित करा म्हणून सीमेवरून खुणा होत होत्या आणि ही दोघं तिकडे बघतच नव्हती. याचं कुठलंही चित्रीकरण नाही. दूरदर्शनचा कॅमेरा शालेय सामन्याला कशाला जाईल? राष्ट्रीय कार्यक्रमात त्याला जागा नव्हती, मंडी हाऊसने त्याला मंजुरी दिली नव्हती, आणि तरी आज मराठी घरात क्रिकेट न बघणाऱ्यालाही ६६४ हा आकडा माहीत असतो. तो धावफलकातून, वर्तमानपत्रातल्या बातमीतून आणि मुख्यतः लोकांच्या तोंडातून आला. त्या दिवशी आझाद मैदानात होतो असं सांगणारे मला इतके भेटलेत की तेवढे लोक मैदानात मावले नसते. सामाईक आठवण अशीच तयार होते, थोडी खरी, थोडी पदरची.

दुसरं उत्तर 'अशी ही बनवाबनवी'. सप्टेंबर १९८८. हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वर बेतलेला, वसंत सबनीसांच्या संवादांचा, सचिन पिळगावकरांचा हा सिनेमा. त्या काळच्या राष्ट्रीय एकात्मतेच्या कुठल्याही यादीत तो नव्हता. चार मुलांना राहायला जागा मिळत नाही, एवढंच त्याचं राष्ट्रीय महत्त्व. खरं तर मुंबई-पुण्यात याहून मोठा राष्ट्रीय प्रश्न त्या वेळी दुसरा नसावा. कुणी लादला नाही, कुणी 'संस्कार' म्हणून दाखवला नाही. व्हिडिओ कॅसेट, केबल, मग शंभर मराठी वाहिन्यांवरच्या दुपारी, मग फोनवरचे तुकडे, अशा वाटेने तो पिढ्या ओलांडत आला. आज विशीतली पोरं धनंजय मानेंचा पत्ता विचारतात आणि सत्तर रुपयांचा हिशेब मांडतात, त्यातल्या कुणीही तो सिनेमा १९८८ मध्ये पाहिलेला नाही. म्हणजे शेकडो वाहिन्यांनी सामाईक आठवणी मारल्या, हे इथे तरी उलटं झालंय. याच गर्दीने हा सिनेमा सामाईक केला.

त्यामुळे आजच्या विखुरलेपणाचं रडगाणं मला फार भावत नाही. प्रत्येक जण वेगळं बघतो, बघू दे. मावशींच्या नातवाच्या हातात आता स्वतःचा पडदा आहे आणि त्याला कुणाच्या चौकटीत उभं राहावं लागत नाही, ही मला प्रगती वाटते. मला टोचतं ते वेगळंच. आज एखादी मालिका वादात सापडली की वाद होतच नाही. समाजमाध्यमांवर दोन दिवस आग लागते, कुठेतरी तक्रार दाखल होते, आणि एका सकाळी तो प्रसंग गुपचूप कापलेला असतो, किंवा अख्खी मालिका यादीतून नाहीशी झालेली असते. का कापला, कुणी सांगितलं, कुठल्या मापाने मोजलं, काही कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे जे लिहिण्याआधीच लेखकाच्या डोक्यात कापलं जातं ते. तिथे ना याचिका, ना खंडपीठ, ना निकाल. ५ ऑक्टोबरच्या त्या हरवलेल्या कागदासारखंच सगळं, फक्त आता कागदसुद्धा निघत नाही.

यावर उपाय म्हणून कुणी पुन्हा एक सर्वशक्तिमान सरकारी वाहिनी मागत असेल तर त्याला १९८८ कळलेलं नाही. पण सार्वजनिक प्रसारक आपल्याकडे आहे, आपल्या पैशाने चालतो, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. १९९० च्या प्रसार भारती कायद्यात लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रसारण परिषद नेमण्याची तरतूद केली गेली. ही परिषद किती प्रेक्षकांनी नावाने तरी ऐकली आहे? २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावलं आणि लोकांनी ते पुन्हा डोळे भरून पाहिलं, चांगलं झालं. पण जुनी मालिका पुन्हा लावणं ही सार्वजनिक प्रसारकाची सोपी कामगिरी. अवघड कामगिरी म्हणजे तिच्यावरचं भांडण पुन्हा लावणं. 'तमस' दाखवा, आणि तिच्या पाठोपाठ त्या निकालावर तासभर बोलू द्या, विरोधात असलेल्यांनाही. उत्तररामायण दाखवा आणि जालंधरच्या संपाची गोष्ट सांगा. कुठल्या नव्या कार्यक्रमाला मंजुरी दिली, कुठल्याला नाही आणि का, हे दर तिमाहीला छापून लोकांपुढे ठेवा. एखाद्या कार्यक्रमावर आक्षेप आला तर तो घेणाऱ्याला आणि करणाऱ्याला समोरासमोर बसवा, पण त्याआधी दोघांनाही तो अख्खा बघायला लावा. खाजगी मंचांनाही हाच नियम हवा: कापायचं असेल तर कापा, पण काय कापलं, कुणाच्या सांगण्यावरून आणि का, हे तिथल्या तिथे लिहा.

यातून गोंधळ होईल. वेळ जाईल, बेअक्कल आक्षेप तासन्‌तास ऐकावे लागतील, काही माणसं केवळ नाव छापून यावं म्हणून तक्रार करतील. १९८८ मध्येही ते सगळं ऐकावं लागलंच होतं. 'तमस' तरीही सहाव्या भागापर्यंत दिसली.